सीरियलच्या खोक्यातल्या अंगठ्या: अ‍ॅटलबरो ते सेंट चार्ल्स

मंगळवार, अ‍ॅटलबरो

मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅटलबरो हे गाव बॉस्टनहून प्रॉव्हिडन्सला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, ऱ्होड आयलंडच्या सीमेला लागून वसलेले आहे. दागिने, बिल्ले, पदके आणि शाळा-महाविद्यालयांच्या अंगठ्या घडवणारे कारखाने एके काळी येथे इतके होते की, जगाची दागिन्यांची राजधानी असे या गावाला म्हटले जाई. माझ्या संग्रहातील बऱ्याच अंगठ्यांचा प्रवास याच गावातून सुरू झाला असल्यामुळे आमची फेरीही येथूनच सुरू करावी, असे मी आधीपासून ठरवले होते.

या अंगठ्यांविषयी थोडे सांगायला हवे. १९३० ते १९५० या दशकांत अमेरिकेतील सीरियल, म्हणजे न्याहारीला दुधात घालून खायचे तयार धान्यपदार्थ, विकणाऱ्या कंपन्या मुलांसाठी रेडिओवर साहसी मालिका चालवीत असत. मालिकेचा नायक एखाद्या भागात एखादी चमत्कारिक अंगठी वापरत असे आणि भाग संपताना निवेदक सांगे की, सीरियलच्या खोक्याची वरची पट्टी कापून तिच्यासोबत दहा किंवा पंधरा सेंट पाठवा, म्हणजे तशीच अंगठी तुमच्या घरी टपालाने येईल. मूल रोज टपालवाल्याची वाट पाहत बसे. कंपनीला विक्री तर मिळेच, शिवाय आलेली पत्रे मोजून मालिका किती घरांत ऐकली जाते याचा अंदाजही येई. आपल्याकडे रेडिओ सिलोनवर गीतमाला ऐकवणाऱ्या बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून प्लॅस्टिकचे छोटे प्राणी निघत असत, ते आठवणाऱ्या वाचकांना हा व्यवहार परका वाटणार नाही.

माझे सारे आयुष्य भोसरीच्या एका टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातूला आकार देणारे ठसे, घडवण्यात गेले. निवृत्तीनंतर लेकीकडे मॅसॅच्युसेट्समधल्याच वुस्टरला आलो असताना जावयांनी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून पितळी पट्टीची एक खेळण्यातली अंगठी आणून दिली. तिच्यातला आरसा पाहताच हे काम हलक्या हाताचे नव्हे, हे माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून या अंगठ्यांचा नाद आहे आणि जावई त्यात मनापासून साथ देतात.

अ‍ॅटलबरोच्या औद्योगिक संग्रहालयात आम्ही पत्रव्यवहार करून वेळ ठरवली होती. तेथील वयोवृद्ध स्वयंसेवकांनी तरुणपणी स्वतः प्रेसवर काम केलेले होते, त्यामुळे आमची भाषा लवकर जुळली. पितळेची पट्टी डायखाली सरकवायची, एका ठोक्यात तिचा आकार आणि नक्षी उमटवायची, दुसऱ्या ठोक्यात कडा कापायच्या, मग ती गोल वाकवून तिच्यावर सोनेरी मुलामा चढवायचा, हा क्रम त्यांनी हातवारे करून सांगितला. पट्टीची दोन टोके मुद्दाम जोडत नसत. ती एकमेकांवर सरकतात म्हणून सहा वर्षांच्या आणि बारा वर्षांच्या मुलाला एकच अंगठी चालते आणि कारखान्याला मापाचा विचार करावा लागत नाही. लाखोंनी माल काढायचा असेल तेव्हा असा एक निर्णय केवढा खर्च वाचवतो, हे टूलरूममध्ये राबलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

या गावातील रॉबिन्स कंपनीचे नाव आमच्या छंदात आदराने घेतले जाते. १९४७ साली किक्स या सीरियलने दिलेली प्रसिद्ध अणुबाँब अंगठी याच कंपनीने घडवली. पुढे अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी सोबत नेलेली चांदीची पदकेही याच कंपनीची होती. पंधरा सेंटांच्या खेळण्यासाठी आणि चंद्रावर निघालेल्या पदकासाठी ठशाचे एकच कसब कामी आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. या अंगठ्यांना स्वस्त खेळणी म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा भिंगाखाली त्यांच्या पट्टीवरील नक्षीच्या कडा पाहाव्यात.

बुधवार आणि गुरुवार, रॉचेस्टर

बुधवारचा दिवस रस्त्यातच गेला. वुस्टरहून न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर बरेच लांब आहे. ऑक्टोबर महिना असल्यामुळे बर्कशर डोंगरांतली झाडे लाल-पिवळी झाली होती.

गुरुवारी सकाळी स्ट्राँग राष्ट्रीय खेळ संग्रहालयात गेलो. मार्गारेट वुडबरी स्ट्राँग या बाईंनी आयुष्यभर जमवलेल्या बाहुल्या आणि खेळण्यांतून हे संग्रहालय उभे राहिले. राष्ट्रीय खेळणी सन्मान दालनही येथेच आहे. मुलांच्या गर्दीने ते गजबजलेले असते आणि तसेच ते असायला हवे. मला मात्र शांतपणे बसून एक गोष्ट तपासायची होती, ती म्हणजे कोणत्या वर्षांत कसली साधने वापरली गेली.

त्या काळातील खेळणी आणि जाहिराती ओळीने पाहिल्या की महायुद्धाची रेघ स्पष्ट दिसते. अमेरिका युद्धात उतरल्यावर पितळ काडतुसांकडे वळले, धातूच्या अंगठ्या दुर्मीळ झाल्या आणि त्यांच्या जागी कागदाचे नकाशे, पुठ्ठ्याची विमाने आणि घड्या घालून करायच्या वस्तू आल्या. युद्ध संपताच मात्र १९४६ पासून पाच-सहा वर्षे अंगठ्यांचा जणू पूर आला. राल्स्टन या सेंट लुईसच्या कंपनीने टॉम मिक्सच्या नावाने १९४६ साली आरशाची अंगठी काढली. तिच्या भोकाला डोळा लावला की समोरचे न दिसता बाजूचे दिसते. १९४७ साली तिने चुंबकाची अंगठी काढली. टॉम मिक्स हा मूकपटांच्या काळातील घोडेस्वार नट १९४० मध्येच मोटार अपघातात वारला होता आणि रेडिओवर त्याची भूमिका नेहमी दुसऱ्याच कलाकारांनी केली, तरीही त्याच्या नावावर अंगठ्या निघत राहिल्या. जावयांनी आणलेली माझी पहिली अंगठी हीच आरशाची. तिचा आरसा एका कोपऱ्यात काळवंडला आहे, पण खिडकीत उभे राहून तिच्यातून पाहिले तर रस्त्यावरचा माणूस अजून ओळखता येतो.

दुपारी निघून लेक ईरीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे गेलो. वाटेत बफेलो लागले. लोन रेंजर या मुखवटाधारी घोडेस्वाराच्या रेडिओमालिकेचे सुरुवातीचे भाग फ्रॅन स्ट्रायकर यांनी याच शहरात बसून लिहिले आणि टपालाने डेट्रॉइटला पाठवले. या साऱ्या कारभारात टपालखात्याचा वाटा फार मोठा आहे, याची जाणीव वारंवार होत होती.

शुक्रवार, डेट्रॉइट

वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरील मॅकेबीज इमारत अल्बर्ट कान या वास्तुविशारदाने उभारली. आज ती वेन स्टेट विद्यापीठाच्या ताब्यात आहे. डब्ल्यूएक्सवायझेड या रेडिओ केंद्राचे काम काही वर्षे येथून चालत असे. याच केंद्रावर १९३३ साली लोन रेंजर सुरू झाला आणि १९३६ साली ग्रीन हॉर्नेट. इमारतीत आता रेडिओची खूण सांगणारे आम्हाला फारसे काही दिसले नाही. समोरच्या पदपथावर उभे राहून आम्ही ती वरपर्यंत पाहिली.

लोन रेंजर मालिकेचा प्रायोजक सुरुवातीला एक पाववाला होता. १९४१ साली मिनिआपोलिसच्या जनरल मिल्सने ती घेतली आणि मग अंगठ्यांचे सोनेरी दिवस आले. किक्स आणि चीरिऑस ही दोन सीरियल विकण्यासाठी या कंपनीने रेडिओवरील नायकाच्या बोटात काय काय घातले! १९४७ साली हवेतील ओलाव्याप्रमाणे रंग बदलणारी हवामान अंगठी आली. पाठोपाठ पिस्तुलाची अंगठी आली, जिच्या चकमकीच्या चाकावर अंगठा फिरवला की ठिणगी उडे. १९४८ साली छोट्या दिव्याची अंगठी आली. १९४९ साली आली ती आठ मिलिमीटर फिल्मची पट्टी डोळ्यापुढे धरून पाहण्याची. ग्रीन हॉर्नेटच्या नावाने अंधारात चमकणारी, मोहोर उमटवणारी अंगठीही १९४७ चीच.

अणुबाँब अंगठीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण या छंदातील तेवढे बुद्धिमान आणि तेवढे अस्वस्थ करणारे दुसरे खेळणे मला माहीत नाही. सोनेरी पट्टीवर आडवा बसवलेला एक लहान बाँब, त्याचे डोके अ‍ॅल्युमिनियमचे आणि शेपूट लाल प्लॅस्टिकचे. शेपूट ओढून काढले की त्यात चिठ्ठी लपवण्यापुरती पोकळी असते आणि बाँबच्या उघड्या तोंडाशी एक बारीक भिंग दिसते. अंधाऱ्या खोलीत काही मिनिटे थांबून डोळे सरावले की त्या भिंगातून प्रकाशाचे ठिपके लुकलुकताना दिसत. हे ठिपके खरे होते. आत झिंक सल्फाइडचा पडदा आणि पोलोनियम-२१० या किरणोत्सर्गी द्रव्याचा अत्यल्प अंश बसवलेला होता. पोलोनियममधून निघालेला अल्फा कण पडद्यावर आदळला की एक ठिणगी दिसे, म्हणजे मूल एकेका अणूचा ऱ्हास स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. ही युक्ती विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०३ मध्ये रेडियम वापरून शोधली होती. प्रयोगशाळेतील ते उपकरण पंधरा सेंट आणि खोक्याच्या पट्टीच्या मोबदल्यात घराघरांत पोहोचले.

पोलोनियम-२१० चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ, १३८ दिवसांचे असते. त्यामुळे अंगठी हाती आल्यानंतर वर्षभरात तिचा लखलखाट सुमारे सहाव्या हिश्शावर आला असणार आणि मुलाला वाटले असेल की तिची शक्ती संपली. ते खरेच होते. १९४७ पासून आजवर अशी सुमारे २०० अर्धायुष्ये उलटून गेली आहेत, म्हणजे त्या मूळ पोलोनियमचा एकही अणू शिल्लक राहण्याची शक्यता उरलेली नाही. आज कोणतीही अस्सल अंगठी अंधारात धरली तरी काहीच दिसत नाही आणि म्हणूनच, चमकणारी अणुबाँब अंगठी असल्याचा दावा कोणी केला तर खरेदी करणाऱ्याने तेथेच थांबावे.

हिरोशिमा आणि नागासाकी १९४५ च्या ऑगस्टमध्ये बेचिराख झाली आणि दोन वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास त्याच अस्त्राचे रूप मुलांच्या बोटांवर आले. मी ही अंगठी संग्रहात असावी असे मानतो, पण ती दाखवताना हा काळ सांगितल्याशिवाय दाखवू नये, असा माझा आग्रह आहे. जावयांचे म्हणणे असे की, मुलांनी तिच्यात बाँब पाहिला नसेल, ठिणग्याच पाहिल्या असतील. तसे असेलही, पण पट्टीवर बसवलेला आकार कारखान्यातील कोणा माणसाने विचारपूर्वक निवडला होता.

शनिवार, बॅटल क्रीक

मिशिगनमधील बॅटल क्रीक हे शहर सीरियलचे माहेरघर आहे. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग रुग्णांना मांसाहाराऐवजी धान्याचे पदार्थ देत असत. त्यांचे धाकटे बंधू विल कीथ यांनी १९०६ साली मक्याच्या पोह्यांची कंपनी काढली. त्याच आरोग्यधामात रुग्ण म्हणून राहून गेलेल्या सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी त्याआधी १८९५ मध्येच पोस्टम हे पेय काढून स्वतःचा उद्योग सुरू केला होता. आरोग्यधामाची भव्य इमारत आज सरकारी कचेऱ्यांना दिलेली आहे. कारखान्यांच्या बाजूने वारा सुटला की शहरभर भाजलेल्या धान्याचा खरपूस वास येतो, असे ऐकले होते आणि तो आम्हालाही आला. केलॉगच्या नावाचे संग्रहालय २००७ मध्येच बंद झाले, त्यामुळे येथे अंगठ्यांसाठी पाहण्यासारखे आता थोडेच आहे. पण भेटवस्तू देऊन सीरियल विकण्याची प्रथा समजून घ्यायची तर या रस्त्यांवरून फिरायलाच हवे. केलॉगने १९०९ मध्ये प्राण्यांची चित्रे बदलणारे एक गंमतीचे पुस्तक दोन खोक्यांच्या खरेदीवर दिले होते.

पोस्ट कंपनीने नेहमीच्या वाटेने न जाता अंगठी सरळ खोक्यातच टाकली. टपाल नाही, पैसे नाहीत, वाट पाहणे नाही. अर्थात एवढ्या स्वस्तात पितळ आणि भिंग बसत नाही, म्हणून या अंगठ्या रंगीत छपाई केलेल्या पत्र्याच्या आहेत. १९४८ मध्ये रेझिन ब्रॅनच्या खोक्यांत डिक ट्रेसी आणि ऑर्फन अ‍ॅनी अशा चित्रकथांतील पात्रांच्या १२ अंगठ्या आल्या आणि १९४९ मध्ये पोस्ट टोस्टीजच्या खोक्यांत आणखी २४. त्या चोविसांत पॉपाय आहे, ब्लाँडी आहे, फ्लॅश गॉर्डन आहे आणि फँटमही आहे. इंद्रजाल कॉमिक्स वाचून वाढलेल्या माझ्या पिढीला तो वेताळ म्हणून ठाऊक आहे. कवटीची अंगठी घालून फिरणारा हा नायक स्वतःच पत्र्याच्या अंगठीवर विराजमान झाला आहे, हे कळल्यापासून ती मिळवण्याची मला ओढ लागली होती.

पत्र्याच्या अंगठ्यांची एक अडचण त्यांच्या घडणीतच आहे. पट्टी सपाट छापलेली असते आणि बोटात घालण्यासाठी मुलाने ती वाकवायची असते. वाकवताच बाहेरच्या बाजूचा रंग ताणला जातो, त्याला केसाएवढ्या चिरा पडतात आणि त्या चिरांतून गंज आत शिरतो. म्हणून न वाकवलेल्या सपाट पट्ट्यांना संग्राहक जास्त किंमत देतात. माझे मत थोडे वेगळे आहे. एकदाही बोटात न गेलेली पट्टी छपाईचा उत्तम नमुना असते, पण ती अंगठी झालेली नसते. हलक्या चिरा असलेली, पण चेहरा स्वच्छ राहिलेली वाकवलेली अंगठी मला अधिक आवडते.

त्या रात्री शिकागोच्या पश्चिमेला मुक्काम केला.

रविवार, सेंट चार्ल्स

इलिनॉय राज्यातील सेंट चार्ल्स येथील केन काउंटी फेअरग्राउंड्सवर जुन्या खेळण्यांचा मोठा बाजार वर्षातून तीनदा भरतो. आगगाड्या आणि पत्र्याच्या मोटारींची मेजे मोठी असतात. अंगठ्या मागच्या दालनांत, काचेच्या झाकणाच्या उथळ पेट्यांत सापडतात.

एका मेजावर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या, मगरींच्या आकाराची पट्टी असलेल्या तीन अंगठ्या शेजारीशेजारी ठेवलेल्या होत्या. एकीवर हिरवा खडा, एकीवर काळा, एकीवर लाल. हिरवी जॅक आर्मस्ट्राँग या रेडिओनायकाची, व्हीटीज या सीरियलने १९४० मध्ये दिलेली. काळी शॅडो या मालिकेसाठी एका मीठ कंपनीने दिलेली. लाल बक रॉजर्स या अंतराळात फिरणाऱ्या नायकाची, १९४६ मध्ये पोस्टने दिलेली शनीची अंगठी. साचा एकच, खडा बदलला की नायक बदलला. उजेडात धरून मुठीत झाकल्यावर तिन्ही अजूनही फिकट हिरव्या उजळतात. येथे किरणोत्सर्गाचा संबंध नाही, उजेड शोषून परत देणारी पूड प्लॅस्टिकात मिसळलेली आहे. साचा किती महाग असतो हे ठाऊक असल्याने त्या तीन अंगठ्या एकत्र पाहताना मला अतिशय समाधान वाटले. किंमत मात्र आमच्या आवाक्याबाहेरची होती आणि त्या सुट्या विकायला विक्रेता तयार नव्हता, यात त्याचे बरोबरच होते.

अणुबाँब अंगठ्या दोन दिसल्या. पहिलीची पट्टी नव्यासारखी पिवळीधमक होती, अ‍ॅल्युमिनियमवर एकही ओरखडा नव्हता, पण ती एकटी होती. दुसरीचा मुलामा पट्टीच्या उंचवट्यांवर झिजून खालचे पितळ उघडे पडले होते आणि लाल शेपूट थोडे सैल बसत होते. तिच्यासोबत मात्र मूळ तपकिरी पुठ्ठ्याची डबी होती आणि चार घड्यांचा सूचनेचा कागद होता. शेपूट कसे काढावे, अंधारात किती थांबावे, डोळा कुठे लावावा, हे सारे त्यात चित्रांसह छापलेले. कागदाच्या घड्या मऊ पडल्या होत्या, म्हणजे तो अनेकदा उघडून वाचला गेला होता. जावयांनी विचारले, "बाबा, दोन्ही एकाच किमतीला आहेत, मग चकचकीत का नको?" मी त्यांना कागद दाखवला. चकचकीत अंगठीत आता काहीच दिसत नाही आणि काय दिसायचे हे सांगणारेही तिच्याजवळ कोणी नाही. पोलोनियम गेले, रेडिओवरचा आवाज हवेत विरला, त्या दोन्हींची उरलेली साक्ष हा कागद आहे. अंगठी, कागद आणि डबी मिळून ती वस्तू पूर्ण होते. दीडशे डॉलर देऊन आम्ही झिजलेली घेतली.

वेताळाची अंगठी दुपारी मिळाली. वाकवलेली, कडेला एक बारीक गंजाचा डाग असलेली, पण मुखवट्याचा जांभळा रंग अजून भरदार. विक्रेत्याने ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात ठेवलेली होती. अशा मऊ पाकिटांतून कालांतराने चिकट अंश सुटतो आणि छपाई त्याला धरते, त्यामुळे विकत घेताच ती मी आम्लरहित कागदात गुंडाळून कडक डबीत ठेवली. या छंदात नव्याने येणाऱ्यांनी पहिला खर्च अशा डब्यांवर करावा.

पिस्तुलाच्या अंगठ्याही तीन-चार पाहिल्या. चकमकीचे चाक सर्वांत आधी निकामी होते, कारण प्रत्येक मुलाने ते दिवसाला शंभर वेळा फिरवलेले असते. एकीचे चाक गंजून जाम झाले होते, एकीचे मुळातच गायब होते आणि एकीत कोणीतरी सिगारेट लायटरचे चाक बसवले होते, जे दातांच्या अंतरावरून लगेच ओळखू येते. त्यामुळे ती यावेळी घेतली नाही. तिचे मूळ चाक फिरत असेल आणि सूचनेचा कागद सोबत असेल तेव्हाच ती घ्यायची, असे ठरवून आम्ही जूनच्या बाजाराची तारीख वहीत लिहून घेतली आणि परतीच्या रस्त्याला लागलो.